हुणसेहट्टीची धावपट्टी

महेश्वर कलशेट्टी सरांनी वीसेक वर्षं विमानतळ शिकवला आणि तेवढ्या काळात स्वतः एकदाही विमानात बसले नाहीत. कुणी चिडवलं तर म्हणायचे, "शवविच्छेदन करणारा डॉक्टर आधी मरून बघतो का?" स्टाफरूममध्ये हशा पिकायचा आणि सर खडूचा डबा उचलून तासाला निघायचे.

सोलापूरच्या वेशीबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते सिव्हिलला होते. सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत घर, जुनी स्कूटर, कपाळाला भस्माची बारीक रेघ. त्यांचं शिकवणं सरळ होतं. धावपट्टीची मूळ लांबी घ्या, गाव समुद्रसपाटीपासून उंचावर असेल तर ती वाढवा, ऊन जास्त असेल तर आणखी वाढवा. हवा तापली की विरळ होते आणि विरळ हवेत विमानाला उचलायला जास्त धावावं लागतं. सर हे एका सुरात सांगायचे, पोरं एका सुरात लिहून घ्यायची आणि निकाल पुरा लागायचा.

मग एका तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीला त्यांनी सहज विचारलं, "विमान वाऱ्याबरोबर उतरवतात, की वाऱ्याच्या तोंडावर?"

मुलगी पंख्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, ते नोट्समध्ये नव्हतं."

परीक्षक हसले. महेश्वर सरही हसले. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. कारण ते नोट्समध्ये होतं. तिसऱ्या पानावर, लाल शाईनं अधोरेखित केलेलं होतं. मुलीनं ते लिहूनही घेतलं होतं आणि पाठही केलं होतं. फक्त वारा म्हणजे बाहेर लिंबाच्या झाडाला हलवतो तोच, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात सर एका प्रशिक्षणाला गेले. तिथं सांगितलं ते थोडक्यात असं: आधी धडा आणि मग गणित, हा क्रम उलटा करा. आधी अडचण द्या. पोरांना तिच्यात शिरू द्या, अडखळू द्या, लागेल ते ज्ञान त्यांचं त्यांना हुडकू द्या. शिक्षकानं उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा. पन्नाशी ओलांडलेल्या सरांना ते असं काही पटलं, की घरीसुद्धा त्यांच्या तोंडी उलटे प्रश्नच येऊ लागले. त्यांच्या बायकोनं, दानम्मांनी, शेजारणीजवळ तक्रार केली, "आमटीत मीठ कमी झालंय का विचारलं, तर हे म्हणतात, तुला काय वाटतं? अगं, मला काय वाटतं ते मी खाल्ल्यावर कळेल की! आधी ताट ह्यांचं वाढायचं असतंय."

वर्गात मात्र हसण्यासारखं नव्हतं. पहिल्या महिन्यात पोरं वैतागली. सर शिकवत नाहीत, नुसते विचारतात. सरांनी दाद दिली नाही. त्यांनी फळ्यावर एक नकाशा टांगला. आदल्या वर्षी कॉलेजचं मोजणी-शिबिर ज्या गावी झालं होतं, त्याच गावाचा. उंचसखलपणाच्या रेघा, ओढा, पायवाटा, विहिरी, सगळं त्यात होतं.

"हे हुणसेहट्टी," सर म्हणाले. "अक्कलकोट रस्त्याला लागून आत. इथं लहान विमानांसाठी धावपट्टी करायची आहे असं समजा. कुठं कराल, कुठल्या दिशेनं, किती लांब? आणि का?"

हुणसेहट्टी सरांचं स्वतःचं गाव होतं. हे त्यांनी वर्गाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पोरांनी सरांच्या मनातली जागा ओळखायचा खेळ सुरू केला असता. आणि गावाला, म्हणजे थोरल्या भावाला, गुरप्पाला, सांगितलं नाही, कारण कागदावरचं काम, त्यात सांगायचं काय? नकाशावर गावाबाहेरच्या मोकळ्या माळाच्या पश्चिमेला कलशेट्ट्यांचं रान होतं. ते अजून दोघा भावांच्या नावावर होतं, पण कसत होता एकटा गुरप्पा. वडील लवकर गेल्यावर त्यानं शाळा सोडून औत धरलं होतं आणि महेश्वर सोलापूरला वसतिगृहात शिकत होता तेव्हा एसटीच्या कंडक्टरच्या हाती भाकरीचं फडकं पाठवलं होतं. फडक्याच्या गाठीवरून महेश्वरला कळायचं की आज बांधणारी वहिनी आहे की अण्णा. अण्णाची गाठ दातानं सोडवावी लागायची.

वर्गात चार गट पडले. त्यातल्या एका गटावर सरांचा मनातून जीव होता. प्रियंका टेंभुर्णीची, हट्टी, आपलं म्हणणं खरं केल्याशिवाय पेन खाली न ठेवणारी. हारून सोलापुरातलाच, वडिलांचा मालवाहू टेम्पो, तोंडात सदा चेष्टा. शिवू शांत, त्याचं गणित कधी चुकायचं नाही.

"वर्षभरातला वारा बघ की," प्रियंका हारूनला म्हणत होती. "पावसाळ्यात पश्चिमेकडनं, हिवाळ्यात पूर्वेकडनं. म्हणजे पट्टी पूर्व-पश्चिमच."

"अगं पण पूर्व-पश्चिम टाकली तर विमान ओढ्यात जातंय. पायलट काय म्हशी धुवायला उतरणार हाय का?"

"मग उत्तरेला सरकव."

"उत्तरेला चढ हाय."

दोघांनी एकदम सरांकडे बघितलं. उत्तर सरांच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि विचारलं, "जागा डोळ्यांनी बघितलीत?"

"नाही सर."

"मग बघून या. बघितल्याशिवाय रेघ मारू नका. आणि एक करा. या नकाशावर काय नाही, ते तिथल्या माणसांना विचारून या."

तिघं हारूनच्या वडिलांच्या टेम्पोत टोटल स्टेशन घालून हुणसेहट्टीला गेले. टोटल स्टेशन म्हणजे तिवईवर बसवायची मोजणीची दुर्बीण. तिच्यातून लाल किरण निघतो, आणि लांबच्या वस्तूला हात न लावता तिची उंची सांगतो.

परत आले ते उड्या मारतच. सर प्रयोगशाळेत होते.

"सर, मिळालं!" प्रियंकाला धाप लागली होती. "नकाशावर नसलेलं मिळालं. संक्रांतीच्या टायमाला त्या गावात जत्रा असते. नंदीध्वजांच्या काठ्या असतात, या एवढ्या उंच, उभ्या धरून चालवत माळावरच्या देवळाला नेतात. आणि ती वाट बरोबर आमच्या पट्टीच्या पूर्वेच्या टोकापुढनं जाते. म्हणजे विमान खाली येतंय त्याच्या खालून काठ्या चालल्यात!"

"अडथळा, सर," शिवू म्हणाला. "उतरण्याच्या मार्गात."

"छान," सर म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. सहा महिने बडबड करून जे शिकवता आलं नसतं ते ही पोरं एका दिवसात घेऊन आली होती. "मग? उंची विचारलीत?"

"विचारली की. कुणी सांगेना," हारून म्हणाला. "सगळे हसायला लागले. मग म्हटलं, विचारायचं कशाला, आपल्याकडे मशीन हाय. मठासमोर काठी उभी करून सराव चालू होता. मी मस्त लांबूनच खालचा पॉइंट घेतला, मग वरचा. लाल ठिपका बरोबर शेंड्यावर. एक मिलिमीटरची चूक न्हाई, सर."

सरांच्या हातातला खडू टेबलावर ठेवला गेला.

"ठिपका कुणी बघितला?"

"सगळ्यांनीच. पोरं तर ओरडली, देवाला लाल टिकली लागली म्हणून."

"मग?"

तिघं एकमेकांकडे बघू लागले. शिवू हळू आवाजात म्हणाला, "दुपारी ज्यांच्याकडे जेवलो ना, सर, त्या काकांच्याच कमरेच्या पट्ट्यात काठी उभी होती. त्यांनी ती उतरवली आणि आत निघून गेले. गुरप्पाकाका. त्यांचंही आडनाव कलशेट्टी आहे. तुमचे कोणी...?"

"भाऊ," महेश्वर सर म्हणाले.

हुणसेहट्टीत काही गोष्टी मोजत नाहीत. खळ्यातली रास घरात येईपर्यंत मोजत नाहीत. पोराला भिंतीला उभं करून रेघ मारत नाहीत. मोजलं की वाढ खुंटते, असं मानतात. काठीचं तर बोलायलाच नको. प्रत्येक पिढीत काठी नवी होते आणि मागच्या काठीपेक्षा जराशी चढती असते. किती चढती, ते घडवणारा सुतारसुद्धा हातानंच अंदाज घेतो, तोंडानं आकडा काढत नाही. पहिल्या काठीचा मान कलशेट्ट्यांच्या घराचा. आणि ती काठी गुरप्पाच्या कमरेला असताना, गुरप्पाच्या घरची भाकरी खाऊन, गुरप्पाच्या भावाच्या पोरांनी ती मोजली होती.

महेश्वर सरांना हे सगळं माहीत होतं. पण जागा बघून या म्हणून सांगताना यातलं काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या डोक्यात तेव्हा फक्त माळ होता आणि वारा होता.

दुसऱ्या दिवशी नागम्मावहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुमच्या अण्णांनी मान सोडला."

"म्हणजे?"

"मठात बैठक झाली. कुणी काही बोललं नव्हतं अजून. ह्यांनीच उठून सांगितलं, यंदा पहिली काठी दुसऱ्या घरानं घ्यावी, आमच्या घरात चूक झालीया. आणि गावात दुसरंच उठलंय, विमानतळ येणार, रानं जाणार. आमच्याकडं येऊन लोक विचारतात, महेश्वरनं कुणाला शब्द दिलाय म्हणून."

"अण्णाला द्या की फोन."

मागून बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. मग वहिनीच बोलल्या, "रानात गेलेत."

रानात गेलेले नव्हते. महेश्वरला अण्णाचा खाकरा ऐकू आला होता.

सोमवारी सरांनी तिघांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. गाव माझं, रान माझं, काठी आमची. हारूनचा चेहरा उतरला. "सर, मला माहीत असतं तर तोबा, मी मशीनला हात लावला नसता. आमच्या अम्मीला कळलं तर मला घरात घेणार न्हाई."

"तुझी चूक नाही. मोजायला तुला मीच शिकवलं."

प्रियंका मान खाली घालून ऐकत होती. आता तिनं वर बघितलं. "सर, एक विचारू? तुम्ही आम्हाला सांगितलं, तिथल्या माणसांना विचारा. तुम्ही विचारलं होतं का? त्यांचं रान घेऊ का म्हणून?"

शिवूनं तिला कोपर मारलं. पण प्रश्न खोलीत पडला तो पडलाच. सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "नाही विचारलं," ते म्हणाले. "रविवारी जातो. एकटाच."

"आम्ही पण येणार," प्रियंका म्हणाली. "पट्टी आमची आहे."

रविवारी सकाळी हुणसेहट्टीच्या मठासमोर बरीच माणसं जमली. विमानतळवाले आलेत अशी बातमी होती. नागम्मावहिनींनी सरांना पाणी दिलं, पण नेहमीसारखं "ऊटा आतेनू" म्हणजे जेवलात का, असं विचारलं नाही. गुरप्पा लांबच्या खांबाला टेकून बसला होता. डोक्याला रुमाल, हात गुडघ्यांवर. भावाकडे त्यानं एकदाच बघितलं, ऊन आलं की डोळे बारीक करून बघतात तसं.

महेश्वर सर उभे राहिले. वर्गात कधी न अडखळणारा माणूस पहिल्याच वाक्याला अडखळला. "हे... खरं न्हाई. विमानतळ येत न्हाई. पोरांना शिकवायचं म्हणून मी आपल्या गावाचा कागद घेतला. कुणाला विचारलं न्हाई. चूक माझी हाय."

"खरं न्हाई तर एवढी यंत्रं कशाला आणली?" मागून कुणीतरी.

"शिकायला."

"शिकून बांधणारच की उद्या!"

एवढ्यात प्रियंकानं कुणाला न विचारता नागम्मावहिनींकडून रांगोळी मागून घेतली आणि मठाच्या शेणानं सारवलेल्या अंगणात खाली बसून गाव काढायला लागली. ओढा काढला, माळ काढला, देऊळ काढलं, देवळाची वाट काढली. मग मधोमध एक लांब रेघ ओढली. "ही आमची पट्टी. वारा असा येतो, म्हणून ती अशी. आता सांगा, कुठं चुकलं?"

माणसं आधी लांबून बघत होती. मग पुढे सरकली. जरा वेळानं रेघेभोवती कडंच झालं.

"ही रेघ थोडी तिकडं सरकवा की, पाटलांच्या रानात," एक जण म्हणाला. "त्यांच्याकडं लई हाय."

"आमच्याकडं लई हाय ते तुला दिसतंय व्हय? तुझ्या पडीक रानातनं घ्या म्हणावं, तितं तसंबी काही येत न्हाई!"

"विमानात बसणार कोण पर?" गोजाबाई नावाच्या म्हातारीनं विचारलं. "मला तर एसटी लागती. वर गेल्यावर ओकायचं झालं तर खिडकी उघडती का?"

हशा झाला. हारूननं कान पकडले आणि म्हणाला, "आजी, खिडकी न्हाई उघडत. पण पिशवी देतात."

"मग तू तर बसलाय व्हय विमानात?"

"न्हाई आजी. आमचे सरबी बसले न्हाईत."

आता सगळ्यांनीच महेश्वरकडे बघितलं. "आँ? विमान न बघता विमानतळ शिकवतोस?" एक म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा हशा उसळला. महेश्वरही हसला. फक्त खांबाजवळून हसू आलं नाही.

गुरप्पा उठला. कडं फुटलं आणि त्याला वाट झाली. तो रांगोळीजवळ येऊन उभा राहिला, अंगठ्यानं पट्टीचं पश्चिमेचं टोक दाखवलं.

"हे रान कुणाचं?"

प्रियंकाला उत्तर माहीत होतं. "तुमचं, काका. टोक थोडंसं येतंय."

"मग आमी काय करायचं?"

तिनं सवयीनं सरांकडे बघितलं. सगळं अंगणच सरांकडे बघत होतं. इतक्या वर्षांत महेश्वरकडे अशा प्रश्नांना उत्तरं होती. भूसंपादन, मोबदला, पुनर्वसन, त्याचंही एक प्रकरण होतं आणि ते तो पाठ म्हणून दाखवू शकला असता. समोर अण्णाचे पाय होते, टाचा भेगाळलेल्या, भेगांत काळी माती बसलेली.

"मला ठावं न्हाई, अण्णा," तो म्हणाला. "मी पट्टी काढायला सांगितली, पण ह्याचा विचार केला न्हाई. तुला आधी विचारायला पायजे होतं."

ठावं न्हाई म्हणणारा महेश्वर गुरप्पानं पहिल्यांदाच बघितला असावा. मग तो हळूच म्हणाला, "रानाचं सोड. रान कागदावर हाय. काठी कागदावर न्हाई. तिचा आकडा तुमच्याकडं गेलाय."

अंगणातलं हसू विरलं. गुरप्पा कशानं दुखावलाय ते आता सगळ्यांना कळलं. कुणी त्यावर उपाय सांगितला नाही, कारण मोजलेलं न मोजलेलं कसं करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आकडा कुणाला सांगितलाय तुमी?" गोजाबाईंनी पोरांना विचारलं.

"कुणालाच न्हाई आजी," हारून म्हणाला. "मशीनमध्ये हाय. आणि आमच्या कागदावर."

प्रियंका उकिडवी बसून रांगोळीकडे बघत होती. ओठ हलत होते, वर्गात गणित करताना हलायचे तसे. "सर, तो आकडा काढून टाकला तर?"

सरांनी सवयीनं उलट विचारलं, "मग अडथळा किती उंच धरशील?"

"तेच तर. आकडा नसेल तर..." ती थांबली. मग गुरप्पाकडे वळली. "काका, काठी जास्तीत जास्त किती होऊ शकते? आकडा नको. म्हणजे, कुणाच्या कमरेला पेलेल तेवढी?"

"पेलेल तेवढी म्हंजे? माणूस हाय तवर पेलणार. आमच्या आज्ज्याची काठी हिच्याहून ठेंगणी हुती. उद्या हितलं एखादं पोरगं चढती उचलंल."

"मग आम्ही असं धरतो," प्रियंका उभी राहिली. तिच्या गालाला रांगोळी लागली होती. "की काठी इतकी उंच आहे की आज इथल्या कुणालाच पेलणार नाही. तेवढी जागा वर मोकळी सोडायची. पुढच्या चार पिढ्यांनी वाढवली तरी विमान वरूनच जाईल. म्हणजे मोजायची गरजच नाही."

शिवू आधीच हिशोब करत होता. "तेवढी जागा सोडायची तर सगळी पट्टीच पश्चिमेला सरकवायला लागते."

"किती?"

शिवूनं पायानं दाखवलं. रांगोळीवर एक लांब ढांग. नवीन टोक कलशेट्ट्यांच्या रानात खोलवर गेलं.

प्रियंका त्या टोकाशी वाकली. मग चाचरत म्हणाली, "काका, आता तुमचंच रान जास्त येतं. विहीर पण."

"विहीरबी?" गुरप्पा वाकून बघू लागला. मग त्याच्या मिशीचं एक टोक हललं. "काठी वाढायला जागा ठिवलीस व्हय?"

"हो काका."

"मग घे की! विहिरीला तसंबी यंदा पाणी न्हाई."

आधी नागम्मावहिनी हसल्या, मग सगळे. हारून टेम्पोकडे धावला आणि टोटल स्टेशन घेऊन आला. तिवई न लावताच मांडीवर घेऊन त्यानं यंत्राच्या आठवणीतला तो आकडा सगळ्यांसमोर पुसला आणि कोरा पडदा गोजाबाईंना दाखवला. गोजाबाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली आणि अंगारा आणून हारूनच्या आणि यंत्राच्या, दोघांच्याही कपाळाला लावला. हारून म्हणाला, "आता हे मशीन जन्मात चुकायचं न्हाई." शिवूनं आपल्या कागदाचा तेवढा तुकडा फाडून दिला. महेश्वरला आकडा कधी कळलाच नव्हता. आनंदाच्या भरात पोरांनी तो सांगितला नव्हता, आणि नंतर त्यानं विचारला नव्हता.

बैठकीतल्या म्हाताऱ्यांपैकी एकानं घसा साफ केला. "गुरप्पा, मान सोडलास ते तू सोडलास. आमी घेतला न्हाई कुणी."

गुरप्पा मठात गेला. आतून येताना त्याच्या कमरेला चामडी पट्टा होता. चार जणांनी आडवी ठेवलेली काठी उचलून आणली, तिचं बूड पट्ट्यात बसवलं आणि ती हळूहळू उभी राहिली. फुलं, साज काही नव्हतं, नुसती उघडी काठी, पण अंगणातल्या सगळ्यांच्या माना तिच्याबरोबर वर गेल्या. हारूनचीही गेली, आणि त्यानं हात मागे बांधून घेतले.

"तम्मा," गुरप्पा म्हणाला. धाकट्याला हाक मारायचा कानडी शब्द. काठी मोजली गेल्यापासून तो महेश्वरच्या कानावर पडला नव्हता. "माझ्या मागं ये. कुठं झुकली तर सांग. मला हितनं दिसत न्हाई."

महेश्वर चपला काढून त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. गुरप्पानं पहिलं पाऊल टाकलं. काठीचा शेंडा निळ्या आकाशात जरासा थरथरला आणि एका बाजूला कलू लागला.

"डावीकडं, अण्णा," महेश्वर म्हणाला. "जराशीच. हां... आली."

दोघं एकामागे एक रांगोळीच्या पट्टीवरून चालत गेले.